डिस्क वाढते चुटकीसरशी, घटवताना मात्र नाकी नऊ

महोदय,

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या, प्रवेश आटोपले की महाविद्यालयांच्या आणि मार्चअखेर पार पडली की पतसंस्थांच्या संगणकीय कामाला ओहोटी लागते. क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला सर्व्हर अशा वेळी लहान करता येतो. तो थांबवायचा, छोटा प्रकार निवडायचा आणि पुन्हा सुरू करायचा, की झाले. त्याला जोडलेली साठवणीची डिस्क मात्र हंगामात जेवढी फुगवली तेवढीच राहते. तिचे भाडे आत किती डेटा आहे यावर नव्हे, तर किती जागा अडवून ठेवली आहे यावर लागते. ‘वापराल तेवढेच पैसे’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य डिस्कला लागू नाही, हे निविदा काढणाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

अ‍ॅमेझॉनची ईबीएस, मायक्रोसॉफ्ट अझूरची मॅनेज्ड डिस्क आणि गुगलची पर्सिस्टंट डिस्क या तिन्ही क्लाउड डिस्कचा आकार वाढवता येतो, घटवता येत नाही. डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घेऊन त्यावरून लहान डिस्क बनवावी, असे सगळ्यांनाच आधी सुचते. तेही चालत नाही, कारण स्नॅपशॉटवरून बनणारी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठीच असावी लागते. मग नवी लहान डिस्क घेऊन त्यावर फाइली हलवणे, एवढेच उरते.

ते असे करावे. आधी वर्षभरातला सर्वाधिक वापर पाहावा. सामसूम असलेल्या महिन्याचा आकडा धरू नये. त्यावर २५ ते ३० टक्के मोकळी जागा धरून नवा आकार ठरवावा. जुन्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा. नवी डिस्क सर्व्हरच्याच उपलब्धता क्षेत्रात (डेटा केंद्रांच्या गटात) बनवावी, नाहीतर ती सर्व्हरला जोडताच येत नाही. फॉरमॅट करून सेवा चालू असतानाच आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या साधनाने पहिली प्रत काढावी. मालकी, परवानग्या आणि हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावे) जपणारे पर्याय विसरू नयेत. मग रात्री सेवा थांबवून दुसऱ्यांदा आरसिंक चालवावा, या वेळी मूळ डिस्कवर नसलेल्या फाइली नव्या डिस्कवरूनही काढून टाकणाऱ्या पर्यायासह. फक्त बदललेल्या फाइलीच हलत असल्याने हा टप्पा लवकर आटोपतो. शेवटी लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) नव्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहावा. घोळ होतो तो इथेच. जुना यूयूआयडी तसाच राहिला आणि जुनी डिस्क काढून घेतली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना अडकून आपत्कालीन स्थितीत जातो. डेटाच्या डिस्कसाठी ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी पुढे जा) लिहिले तर निदान आत शिरता तरी येते. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क असेल, तर बूटलोडरही (सर्व्हर सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्याने बसवावा लागतो. त्यापेक्षा नवा सर्व्हर उभारणे सोपे.

जुनी डिस्क लगेच पुसू नये, पण विसरूही नये. सर्व्हरपासून सुटी केलेल्या डिस्कचेही भाडे चालूच राहते.

ईबीएसच्या जुन्या ग्राहकांकडे तर मोठ्या डिस्कचे कारणच आता उरलेले नाही. जीपी२ या जुन्या प्रकारात दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखने) मिळत, त्यामुळे सलग ३,००० हवे असतील तर २०० जीबी डेटासाठीही १,००० जीबी घ्यावे लागे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ मध्ये आकार कितीही असला तरी ३,००० आयओपीएस मिळतात, शिवाय दर जीबीचा भाव २० टक्के कमी आहे. म्हणजे १,००० जीबीच्या जीपी२ ऐवजी २५० जीबीची जीपी३ घेतली, तर डिस्कचे बिल पाचव्या हिश्शावर येते. मात्र त्या मोठ्या जीपी२ चा वेग सेकंदाला २५० एमबीपर्यंत जात असे. जीपी३ मूळ भावात १२५ देते. वरचा वेग वेगळे पैसे मोजून मागून घेतला नाही, तर रात्रीचा बॅकअप दुप्पट वेळ घेतो आणि सकाळी खिडकीवर रांग लागते.

अझूरच्या प्रीमियम एसएसडीची भाडेआकारणी टप्प्यांनी होते: १२८, २५६, ५१२, १,०२४ जीबी. ७०० वरून ६०० वर आणण्याची खटपट त्यामुळे फुकट जाते. ५१२ च्या आत बसत असेल तरच हात घालावा.

डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी पुसल्या म्हणून जागा सुटत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत साधा व्हॅक्यूम (सफाईचा आदेश) ती जागा बहुतांशी पुढच्या नोंदींसाठीच राखून ठेवतो. व्हॅक्यूम फुल ती परत देतो, पण तोवर ते टेबल कुलूपबंद राहते आणि त्याच्या नव्या प्रतीएवढी जागा आधी मोकळी लागते. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेतली आपोआप वाढणारी साठवण म्हणजे वाढत्या अंगाचा सदरा: वाढते, आटत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून ब्लू-ग्रीन पद्धतीने (शेजारी दुसरा डेटाबेस उभारून मग अदलाबदल करून) लहान साठवणीवर जाता येते. त्यातही अदलाबदल झाल्यावर जुना डेटाबेस आपणच काढावा लागतो, नाहीतर दोन्हींचे बिल येते.

अ‍ॅमेझॉनच्या एस३ या फाइली साठवण्याच्या सेवेत जागा आगाऊ अडवावी लागत नाही, तिथला गळका नळ वेगळा. आवृत्त्या जपणे चालू असेल तर पुसलेली फाइल फक्त दिसेनाशी होते, जुन्या आवृत्तीचे भाडे चालूच राहते. अर्धवट राहिलेले मोठे अपलोडही असेच नजरेआड पडून असतात. सात दिवसांनी ते काढून टाकणारा नियम पहिल्याच दिवशी लावावा. आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे ‘क्वचित वापर’ वर्गात टाकून पैसे वाचतात, असे समजू नये. या वर्गाचा दर साधारण निम्मा असला तरी १२८ केबीपेक्षा लहान फाइल १२८ केबीचीच धरली जाते, त्यामुळे ३० केबीच्या फोटोचे भाडे दुपटीच्या वर जाते. फाइली आपोआप हलवणारे सप्टेंबर २०२४ नंतरचे नवे नियम इतक्या लहान फाइली कोणत्याच वर्गात हलवत नाहीत, जुने नियमही या वर्गात हलवत नाहीत, पण ग्लेशियर या दीर्घकाळ साठवणीच्या वर्गात मात्र हलवत राहतात. वर्षवार गठ्ठे बांधून मगच त्या हलवाव्यात.

संस्थांनी निविदेत तीन अटी घालाव्यात. दरमहा बिलासोबत प्रत्येक डिस्कची घेतलेली जागा आणि प्रत्यक्ष वापर यांचा तक्ता द्यावा. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि तात्पुरत्या फाइली वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, म्हणजे हंगामानंतर तात्पुरती डिस्क सरळ काढून टाकता येते. आणि वर्षातून एकदा डिस्क लहान करण्याचे काम मूळ करारातच धरलेले असावे. नाहीतर ठेकेदार त्याचे वेगळे दरपत्रक देतो, ते मंजूर होईपर्यंत पुढचा हंगाम येतो.

— क्लाउड यंत्रणा सांभाळणारे काही अभियंते, पुणे