आठ ठिपक्यांचा चाकू

नागपूर

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला बघतेस त्या दोन जुन्या, मिटणाऱ्या चाकूंचे फोटो मिळाले. शिंपल्याच्या मुठीचा तो चकचकीत तुझ्या मनात भरलाय, हे न सांगताही कळलं. त्याचे सहा फोटो, दुसऱ्याचा एकच!

तो घेऊ नको. असले नाजूक चाकू साहेबलोकांच्या कोटातले. पेन्सिलीला टोक करा, पाकीट फोडा, सफरचंद चिरा. ओल्या हातातून शिंपला निसटतो, दगडावर पडला की तडकतो. शिवाय पात्याच्या बुडाशी ‘इंग्लंड’ कोरलंय आणि दुकानदार म्हणतो दीडशे वर्षांचा. परदेशी मालावर देशाचं नाव घालायची सक्ती तुमच्या अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने केली. त्यामुळे त्या दीडशेवर माझा काही विश्वास बसत नाही.

दुसरा बघ, हाडाच्या मुठीचा. ‘मेड इन यूएसए’खाली आठ ठिपके मोजलेस ना? ‘केस’ या अमेरिकन चाकू कंपनीने १९७० साली दहा ठिपके छापले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. म्हणजे हा १९७२ चा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला तेच साल. आता इथे पेंचच्या जंगलात जिप्सीत बसून नुसतं बघायचं, शिकार नाही. तू हरणाच्या शिकारीला जातेस हे आईला अजून पचलेलं नाही. मलाही पुरतं नाही. पण तिकडचे लोक तेच मांस हिवाळाभर खातात, हे तू लिहिलंस म्हणून गप्प आहे.

घेताना काय बघायचं, ते मी आबांकडून शिकलो. काटोलच्या बागेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरताना, म्हणजे कलमं करताना, त्यांच्या हातात असाच साध्या पोलादाचा चाकू असायचा. संत्र्याच्या रसाने पातं काळपट पडलेलं, पण धार अशी की साल उचलताना आवाज नाही. तो काळेपणा चालतो. तांबडा गंज आणि खड्डे चालत नाहीत. पातं उघडून आडवं हलवून बघ, डुगडुगलं तर परत दे. बंद करताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नुसतंच मिटलं तर स्प्रिंग गेली. मिटल्यावर टोक मुठीच्या वर डोकावत असेल तर ते कोणीतरी घासघासून झिजवलंय. आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या तर समज, विकण्यासाठी चाकावर घासून चमकवलाय.

एक गोष्ट मात्र ऐकच. या चाकूंना उघडं पातं अडकवून धरणारं कुलूप नसतं. नववीत असताना मी आबांच्या चाकूचं टोक नारळाच्या डोळ्यात खुपसलं, पातं मिटलं आणि तर्जनीला चार टाके पडले. खूण तू पाहिलीच आहेस. हरणाच्या पोटात हात घालायचं काम या चाकूचं नाही. त्याला न मिटणारा, तीन-चार इंची पात्याचा साधा चाकू घे. मिटणाऱ्याच्या सांध्यात रक्त-चरबी गेली की निघता निघत नाही. हा फक्त दोरी कापायला आणि दुपारच्या फळाला.

विमानात तो हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, जप्त होईल.

तिकडे शिकारीला भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं म्हणालीस. ते ऐकून आई पहिल्यांदा हसली. म्हणाली, चला, संत्र्याच्या रंगात तरी जातेय. त्या जाकिटातला फोटो तिला पाठव. मला हाडाच्या मुठीच्या चाकूचा पाठव, उघडलेला आणि मिटलेला, दोन्ही बाजूंनी. तोवर पैसे देऊ नकोस.

तुझे,
बाबा