कोकमाला औषधाच्या बाटलीत बसवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला रानमेव्यावरचा लेख वाचला. करवंदं, जांभळं, तोरणं, रातांबे (म्हणजे कोकमाची फळं) यांना एवढी जागा मिळाली याचा आनंदच झाला. पण रातांब्याला ‘निसर्गाचं अँटिबायोटिक’ म्हणून, रोज आगळ, म्हणजे त्याचा खारवलेला रस, घेतलं की जंतुसंसर्ग होत नाही असं जे छापलंत, ते वाचून मला राहवेना. मी सिंधुदुर्गात आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले. दर मे महिन्यात माझ्या अंगणात सोलं, म्हणजे रातांब्याच्या साली, वाळत असतात, त्यामुळे रातांब्याविषयी मला कमी माया नाही.

लेखातलं संशोधन खोटं नाही. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. 1996 साली जपानी संशोधकांनी रातांबा ज्यात मोडतो त्या गार्सिनिया गटातल्या झाडांमधली अशी द्रव्यं मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर तपासली. त्यांतल्या काहींचा जोर अशा जंतूंवर वापरल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिन या औषधाच्या जवळपास भरला. मात्र ती तपासणी शुद्ध केलेल्या द्रव्याची होती आणि प्रयोगशाळेतली होती. गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते अल्कोहोल किंवा हेक्झेनसारख्या रासायनिक द्रावकाने काढावं लागतं. आपण सरबत पाण्यात करतो. पेल्यात उतरतं ते मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि लाल रंगाची अँथोसायनिन्स. लेखात हा फरक एका ओळीतही नाही.

आमच्या वाडीतल्या एका सुनेला लघवीला जळजळ होत होती. कोणीतरी सांगितलं म्हणून ती आगळाचं पाणी पीत राहिली. थंडी वाजून ताप भरला, कंबर धरली, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ती बरी झाली, पण गरोदर होती हो! अशा बाईने एक दिवससुद्धा थांबता कामा नये. महामार्गावरच्या दुकानांतून ‘जंतुनाशक’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनी बंदी आहे.

रातांब्याची खरी करामत स्वयंपाकघरात आहे. फळं फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, मीठ घालून रस सुटू द्यायचा, साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या आणि सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. दिवसांमागून दिवस हेच. साली काळ्या आणि मऊ झाल्या की चिनीमातीच्या बरणीत. धातूचं भांडं चालत नाही, आम्ल ते खातं. आगळात मीठ टाकताना माझी सासू हात आखडू देत नसे. एवढं आम्ल आणि एवढं मीठ एकत्र आलं की कुजवणाऱ्या जंतूंना तिथे वाढता येत नाही, म्हणून पावसाळ्याच्या दमटातही बरणी टिकते. फ्रीज नव्हता तेव्हा तिरफळं आणि सोलं घातलेलं बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) दुसऱ्या दिवशी जास्तच चवदार लागे. मलबार किनाऱ्यावर तर बांगडे मिठात आणि रातांब्याच्याच भावकीतल्या कुडमपुळीत मुरवून पिंपांतून कोलंबोला पाठवत. अन्न टिकवायचं हे शास्त्र बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातात ठेवलं, आणि त्याबद्दल लेखात चार शब्दही नाहीत याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं.

माझी विनंती अशी. पुढच्या अंकात एवढं तरी छापा की कोकम हे अन्न आहे, आणि ताप, लघवीची जळजळ, चिघळलेली जखम यांसाठी डॉक्टरकडेच जावं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात, मध्येच सोडू नयेत. दुसरी विनंती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला. गार्सिनॉल स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि सोलकढीत नारळाचं दूध असतं. तेव्हा घरच्या सोलकढीत, आगळात आणि आमसुलात ते नेमकं किती येतं हे मोजून बचत गटांना मराठीत कळवावं. बायका स्वतःच्या हाताने बाटल्या भरतात. चिठ्ठीवर काय लिहायचं ते त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, कुडाळ