हरवलेली खाण आणि हरवलेली माणसे

महोदय,

ॲरिझोनातल्या सुपरस्टिशन डोंगरांमधील ‘लॉस्ट डचमन’ या हरवलेल्या सोन्याच्या खाणीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. जेकब वॉल्ट्झ (तोच हा ‘डचमन’, मुळात मात्र जर्मन) १८९१ मध्ये फिनिक्सला वारला आणि खाणीचा ठावठिकाणा त्याच्याबरोबरच गेला, ही कथा छान रंगली आहे. पण त्या सोन्यापायी जिवाला मुकलेल्यांबद्दल एक ओळही नाही, याचे फार वाईट वाटले. १९३१ मध्ये नकाशा घेऊन गेलेल्या ॲडॉल्फ रूथची आधी नुसती कवटी सापडली. जुलै २०१० मध्ये भर उन्हाळ्यात तिघे आत शिरले, ते परतलेच नाहीत.

मुलीकडे गेलो असताना मी याच डोंगरांतल्या पेराल्टा दरीतून फ्रीमाँट सॅडल या खिंडीपर्यंत चढलो आहे. मार्च होता, तरी वीव्हर्स नीडलचा सुळका समोर आला तेव्हा तीन लिटरपैकी जेमतेम अर्धा लिटर पाणी उरले होते. चोया निवडुंगाचा काटा बुटातून आरपार गेला, तो पकडीनेच उपटावा लागला.

शिवाय हे संरक्षित रान आहे. १९८४ पासून तिथे खाणीचा नवा दावा लावता येत नाही. पुढच्या अंकात एवढे तरी जरूर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक