विषय: उंदराच्या मायक्रोसॅटेलाइट प्लेटमधील ए-१२ व बी-१ यांची अदलाबदल

बडोदे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपली ६० प्रायमर-जोड्यांची (मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतील लहान पुनरावृत्ती, वाढवून पाहण्यासाठीच्या छोट्या डीएनए धाग्यांची) प्लेट मिळाली: गुणसूत्रे १ ते १९ आणि एक्स, प्रत्येकी ३ मार्कर (गुणसूत्रावरच्या ठरावीक जागेच्या खुणा). भर मे महिन्यात बर्फाशिवाय आली याबद्दल तक्रार नाही. कोरडे प्रायमर बडोद्याचा उन्हाळाही सोसतात.

तक्रार ए-१२ आणि बी-१ या वेलबद्दल (प्लेटमधील खळग्यांबद्दल) आहे. तक्त्याप्रमाणे ए-१२ हा गुणसूत्र ४ चा शेवटचा मार्कर, बी-१ हा ५ चा पहिला. सी५७ब्लॅक/६ आणि बाल्ब/सी या उंदरांच्या दोन शुद्ध जातींच्या पहिल्या संकरित पिढीचा (एफ-१) बाल्ब/सी शी बॅकक्रॉस (पुन्हा संकर) केलेल्या ४६ पिल्लांत ए-१२ आणि शेजारच्या ए-११ मध्ये २४ रिकॉम्बिनंट (दोन मार्करची साथ सुटलेली पिल्ले) निघाले, निम्म्याच्या आसपास, म्हणजे दुवाच नाही. तोच ए-१२ आणि गुणसूत्र ५ वरचा बी-२ यांच्यात फक्त ९. उलट बी-१ आणि ए-११ मध्ये १०. दोन्ही ठिकाणी लॉड (दुवा असल्याचा सांख्यिकीय गुणांक) ३ च्या वर जातो, म्हणजे दुवा पक्का. प्लेटची ओळ जिथे वळते नेमक्या तिथेच भरताना उलटापालट झाली आहे. प्रत्येक जोडीचे दोन्ही प्रायमर एकाच वेलमध्ये मिसळलेले आणि दोन्ही मार्करचे आकार १५० बेसपेअरच्या (डीएनएच्या लांबीचे एकक) आसपास, त्यामुळे जेलवर बँड झकास येतो आणि चूक दिसत नाही. जनुक मात्र भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसते.

दुसरे, सी-४. तक्ता म्हणतो, ‘दोन्ही जातींत फरक आहे’. फरक आहे, पण २ बेसपेअरचा. ४ टक्के अ‍ॅगारोज जेलवर तो वेगळा होत नाही. ६ टक्के पॉलीअ‍ॅक्रिलामाइड जेलवर होतो, पण तिथे बाल्ब/सी चा अलील (त्या मार्करचे रूप) मोठा आहे आणि सीए या दोन अक्षरांच्या पुनरावृत्तीवर टॅक (डीएनएच्या प्रती काढणारे एन्झाइम) घसरल्याने पडणारा २ बेसपेअर लहान बँड बरोबर दुसऱ्या अलीलच्या जागी बसतो. शुद्ध बाल्ब/सी पिल्लू संकरित वाटते.

आपल्या हेल्पलाइनवर एफ-१ मधला वरचा तिसरा बँड ‘दूषित डीएनए’ ठरवला गेला. तो हेटरोड्युप्लेक्स (दोन वेगळ्या अलीलचे धागे एकमेकांशी जुळून बनलेली जोडी) आहे. दोन्ही शुद्ध जातींचे डीएनए समप्रमाणात मिसळून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) केला तरी तो दिसतो. हे तेवढे त्यांना सांगावे.

१५ दिवसांत ए-१२ व बी-१ नव्याने, मास-स्पेक (वस्तुमान मोजून रेणू ओळखण्याच्या चाचणीच्या) अहवालासह पाठवावेत आणि सी-४ ऐवजी किमान ८ बेसपेअर फरकाची जोडी द्यावी. पूर्ण प्लेटचे पैसे परत नकोत, बाकीच्या जोड्या ५५ अंशांवर स्वच्छ चालतात. याच लॉटच्या इतर ग्राहकांना मात्र लेखी कळवावे. त्यांचे नकाशे आत्ता चुकत असतील.

सोबत: जेलचे फोटो, ४६ पिल्लांचा तक्ता.

आपला,
प्रयोगशाळा प्रमुख