कपाटाची यादी पाठवतोय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

यादी पूर्ण झाली. काल रात्री शेवटच्या कप्प्यातलं शेवटचं पुस्तक नोंदवलं आणि आकडा आला १,१४६. ती सोबत पाठवतोय. दोन वर्षं तू मागत होतास आणि मी "करतो, करतो" म्हणत टाळत होतो. कंटाळा हे त्याचं कारण नव्हतं. खरं कारण आज लिहिणार आहे, म्हणून पत्र लांबेल. निवांत वेळ मिळेल तेव्हाच वाच.

आधी कामाचं. नव्या पुस्तकांना काही वेळ लागला नाही. मलपृष्ठावरच्या बारकोडसमोर फोन धरला की नाव, लेखक, प्रकाशक सगळं आपोआप भरलं जातं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मी आजवर कधी नीट पाहिलाच नव्हता. २००७ पासून तो तेरा आकडी आहे आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे हाताने टाकताना एखादा आकडा चुकला की प्रणाली नोंद घ्यायलाच नकार देते. पण माझी निम्म्याहून अधिक पुस्तकं या क्रमांकांच्या आधीची, नाहीतर क्रमांक न घेताच छापलेली. ती सगळी हाताने लिहावी लागली. त्यात आद्याक्षरांनी ओळखले जाणारे आपले लेखक! एकाच माणसाच्या चार नोंदी झाल्या: पूर्ण नावाची, आद्याक्षरं जोडून, आद्याक्षरं सुटी ठेवून, आणि आडनाव आधी घेऊन. त्या एकत्र करण्यात दोन रविवार गेले.

मग प्रश्न आला लावायची कशी. ग्रंथालयांसारखी, विषयाला क्रमांक देणारी ड्यूई दशांश पद्धत वापरून पाहिली. १८७६ पासून जगभर चालत आलेली पद्धत, तेव्हा आपल्यालाही चालेल असं वाटलं. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. तो लावत गेलो आणि दुसऱ्याच कपाटापाशी थांबलो, कारण घरातल्या दोन तृतीयांश पुस्तकांवर तोच क्रमांक पडणार होता. मोठ्या ग्रंथालयाला त्यापुढचे पोटविभाग पुरतात. मला मात्र घरात कविता कुठे आणि चरित्र कुठे हे आकड्यांनी शोधायचंच नाही. चौथ्या कपाटाचा वरचा कप्पा, डावीकडून, निळा कणा... माझा हात आपोआप तिकडे जातो.

शेवटी जर्मन कला-इतिहासकार आबी वारबुर्गचा मार्ग धरला. हॅम्बुर्गच्या बँकमालक घराण्यातला हा थोरला मुलगा. तेरा वर्षांचा असताना त्याने पेढीवरचा आपला हक्क धाकट्या भावाला देऊन टाकला आणि अट एकच घातली, मला हवी ती पुस्तकं तू कायम घेऊन द्यायचीस. ही गोष्ट पुढे त्या भावानेच सांगितली आहे. त्या मोबदल्यात किती पुस्तकं घ्यावी लागतील याची त्या बारा वर्षांच्या धाकट्या भावाला काय कल्पना असणार! घर पुस्तकांनी भरलं, तेव्हा शेजारच्या जागेवर खास इमारत बांधली, ती १९२६ मध्ये पूर्ण झाली. वारबुर्गचा नियम होता चांगल्या शेजाऱ्याचा. तुम्ही शोधायला आलात एक पुस्तक, पण तुमच्या खऱ्या कामाचं असतं त्याच्या शेजारचं. म्हणून तो पुस्तकं विषयवार किंवा अक्षरवार न लावता एकमेकांशी बोलतील अशी लावायचा, आणि डोक्यातला विचार बदलला की रचनाही बदलायचा. तो १९२९ मध्ये गेला. नाझी सत्तेवर आले तेव्हा १९३३ च्या अखेरीला सुमारे ६०,००० पुस्तकं दोन बोटींतून लंडनला हलवली. एका माणसाच्या घरातलं हे ग्रंथालय आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे अजूनही शेजार पाहूनच पुस्तकं लावतात.

मीही तसंच केलंय. यादीत शेजार पाहशील तेव्हा काही ठिकाणी दचकशील. दुष्काळावरच्या अहवालाशेजारी एक कवितासंग्रह आहे, तो तिथेच राहू दे.

यादीत एक रकाना जास्तीचा आहे: "का घेतलं". वारबुर्गबद्दल वाचून सुचला. भरायला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला आणि खरं सांगतो, तुला यादी दाखवायची भीती वाटत होती तीही याच्यामुळेच. न वाचलेली पुस्तकं ३०२ निघाली. त्यांच्यासमोरही कारण लिहिलं आहे. कुणाला दाखवायला म्हणून घेतलेली आहेत, एका वाईट वर्षात नुसती जवळ असावीत म्हणून घेतलेली आहेत, आणि तू सुचवलंस म्हणून घेतलेली तर ५७ आहेत. त्यांतली १९ अजून उघडलेली नाहीत. तुझ्यापासून हे लपवायचं नाही.

आता मूळ गोष्ट. वडिलांचं एक पुस्तक मी सतरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाला वाचायला दिलं होतं. वडील समासात बारीक शिसपेन्सिलीने लिहायचे. शब्दांचे अर्थ, तारखा, कुठे लेखकाशी भांडण. त्या पुस्तकात सगळ्यात जास्त लिहिलेलं होतं. सहा महिन्यांनी मागितलं तर तो माणूस म्हणाला, शोधतो. वर्षाने म्हणाला, घर बदलताना गेलं असेल, नवी प्रत घेऊन देतो. नवी प्रत घरी आलीसुद्धा. तिचे समास कोरे आहेत, अजून उघडवत नाही. त्यानंतर मी कपाटांना काचेची दारं लावली, कुलपं लावली आणि अकरा वर्षं एकही पुस्तक उंबऱ्याबाहेर दिलं नाही. पाहुणा कपाटापाशी रेंगाळला की मी विषय बदलायचो.

मध्ययुगात युरोपात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून आहे. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला असते, म्हणून पुस्तकाचा कणा आत आणि पानं बाहेर अशी उलटी मांडणी. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या साखळ्यांचा हेवा वाटला होता.

आणि मग तू. आपल्या वाचकगटावर मी एका दुर्मीळ झालेल्या खंडाबद्दल विचारलं. तासाभरात तुझं उत्तर: "माझ्याकडे आहे. पत्ता कळवा." तू मला पाहिलेलं नव्हतंस, माझं खरं नाव तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. आठव्या दिवशी पार्सल आलं. कोपरे दुमडू नयेत म्हणून चारही बाजूंनी जाड पुठ्ठा, आत कागद, त्याच्या आत पुन्हा प्लॅस्टिक. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने सात तारखा होत्या, वेगवेगळ्या हातांच्या, आणि वर तुझ्या अक्षरात "वाचून झालं की तारीख घाला". माझ्याआधी सात जणांच्या घरी राहून ते पुस्तक परत आलं होतं! आत तुझ्या खुणा. एका परिच्छेदाशेजारी फक्त "इथे थांबलो". मी तिथेच थांबलो होतो, पान बंद करून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो होतो. मग तुला विचारून त्याखाली "मीही" लिहिलं. आपलं "तुम्ही"चं "तू" झालं ते त्या पानावर. त्याला सहा वर्षं झाली. अजून आपण एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही आणि तरी माझ्या वाचनाचा स्वभाव तुझ्याइतका कुणाला माहीत नाही.

मधे आपलं भांडणही झालं, पीडीएफवरून. गटावर कुणीतरी हयात लेखकाचं आख्खं नवं पुस्तक टाकलं आणि तू धन्यवाद दिलेस. मी रागावून चार दिवस बोललो नाही. माझं मत अजून तेच आहे. कपाटातली प्रत तुला दिली की माझ्याकडे ती नसते, तेवढी उणीव मी सोसतो आणि लेखकाच्या ताटातलं काही जात नाही. फाइल दोनशे जणांना गेली की कुणालाच काही सोडावं लागत नाही, फक्त लेखकाला. तुझं म्हणणंही मला नंतर पटलं, की जी पुस्तकं पुन्हा छापली जाणारच नाहीत त्यांचं काय. स्वामित्वहक्क संपलेल्या माझ्या ६३ पुस्तकांसमोर म्हणून चांदणी केली आहे. ती स्कॅन करून सगळ्यांना देऊ. कणा खिळखिळा झालेली पुस्तकं मात्र मी स्वतः स्कॅन करीन, सपाट दाबली तर शिवण सुटेल.

नेण्या-आणण्याचे नियम आपण आधीच ठरवलेत, त्यात दोनच जोडतो. चिकटपट्टीच्या खुणा नकोत, गोंद पानावर राहतो आणि पुढे डाग पडतो. आणि पुस्तक परत आलं की लगेच कपाटात ठेवायचं नाही, आधी कणा आणि कडा नीट तपासायच्या. कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, एका घरातून दुसऱ्या घरात अशीच जाते, खळ आणि कागद तिला दोन्ही आवडतात.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत, वडिलांना तो पाठ होता. पुस्तक म्हणतं, तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. "एवं वदति पुस्तकम्." ते हसत म्हणायचे तेव्हा मी फक्त शेवटची ताकीद ऐकली आणि कुलपं आणली. यादी करताना तो पुन्हा आठवला. पोथी दुसऱ्याच्या हातात जाणार हे लेखनिकाने धरूनच चाललं होतं. तो फक्त हात कुठला ते विचारतोय.

वडिलांच्या खुणांची अजून ३८ पुस्तकं माझ्याकडे आहेत. यादीत ती ४०० पासून ४३७ पर्यंत सलग सापडतील, त्यांना दुसरा शेजार शोधला नाही. त्यातलं ४१२ आज तुझ्याकडे निघालं आहे. जाड पुठ्ठा चारही बाजूंनी लावलाय, तुझ्याकडूनच शिकलो. सावकाश वाच, वर्ष लागलं तरी चालेल. ९४ व्या पानावर ते लेखकाशी फार जोरात भांडलेत. बरोबर कोण होतं याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. तुला काय वाटतं ते खाली लिही, पेन्सिलीने.

तुझा,
१,१४६ पुस्तकांचा धनी

ता. क. ४१२ च्या शेवटच्या कोऱ्या पानावर वडिलांची एक तारीख आहे, त्याखाली माझी. तिसरी जागा रिकामी ठेवली आहे.