वजन वाढवू नकोस

प्रिय बंड्या,

तुझं पत्र वाचलं. अखेर टू-सीटर घ्यायची ठरवलीस, आणि तीही माझ्दाची पहिल्या पिढीची एमएक्स-५! इतका आनंद झालाय की उत्तर उद्यावर टाकवेना. तुझे प्रश्न दोनच आहेत: गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघू, आणि घेतल्यावर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) कधी बसवू. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘बसवू नकोस’ असं आहे, पण ते नुसतं सांगून तुझं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून जरा मागे जाऊन सुरुवात करतो.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये माझ्दाने ही गाडी लोकांसमोर आणली, तेव्हा अशा छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या होत्या. १९६२ ची लोटस एलान या मंडळींच्या डोळ्यांसमोर होती. इंजिन १.६ लिटरचं, ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. आता एवढी ताकद साध्या घरगुती गाडीतही मिळते. पण वजन बघ: साडेनऊशे किलोच्या आसपास. बॉनेट ॲल्युमिनियमचं. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेपासून मागे सरकवलेलं, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ निम्मा-निम्मा. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपर्यंत) ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम घट्ट बांधलेली आहे. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं झोल न देता लगेच उत्तर देतात, ते तिच्यामुळे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं). म्हणजे जिथे खर्च करायचा तिथे केला आणि बाकी सगळीकडे ग्रॅम-ग्रॅम वाचवला.

आता मुद्द्याचं. ताकद वाढवलीस तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल, एवढंच. वजन कमी असलं तर ती वेगही लवकर घेते, थांबतेही लवकर आणि वळतेही सुरेख. टायरचा एक स्वभाव आहे: त्याच्यावरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. म्हणून हलकी गाडी साध्या, अरुंद टायरवरही रस्ता धरून असते. ब्रेकला विरवायची ऊर्जा कमी, त्यामुळे ते तापतातही कमी. १९९६ ची लोटस एलिस आठव. तिच्यातही १.८ लिटरचं साधं रोव्हर इंजिन होतं, ताकद ११८ हॉर्सपॉवर. पण ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेल्या चासीमुळे अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास बसली, आणि तिच्यापुढे दुप्पट ताकदीच्या गाड्या वळणात जड वाटायच्या.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: या गाडीत काही घालण्याआधी, तिच्यात जे मुळात होतं ते सगळं जागेवर आणि नीट आहे का ते बघ. तीसेक वर्षांत रबर कडक होतं, तेल काळं पडतं, बोल्ट गंजतात, आणि लोक गाडी ‘संथ झाली’ म्हणून इंजिनाच्या मागे लागतात. ती संथ झालेली नसते, सैल झालेली असते.

गाडी बघायला जाशील तेव्हा रंगाकडे फार बघू नकोस. दरवाजाखालचा पत्रा, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग, तिथे गुडघे टेकून बस. कापडी छपरावर पडलेलं पाणी मागे जमून सीटबेल्टच्या खांबांजवळच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं आणि माती अडकून या नळ्या तुंबल्या की पाणी आत मुरतं आणि तो पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. छप्पर उघडून मागे थोडं पाणी ओत आणि खाली बघ. धार सरळ पडली तर उत्तम. थेंब-थेंब पडलं किंवा काहीच आलं नाही, तर तो पत्रा बोटांनी नीट चाचप. नळ्या साफ करताना तार मात्र घालू नकोस, आतलं रबर फाटतं. लवचिक प्लास्टिकची नळी हळूहळू फिरवत आत सोडायची.

मग बॉनेट उघड आणि टॉर्च घेऊन क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या मध्यभागी बघ. सुरुवातीच्या १.६ इंजिनांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं आणि तिथली चावीची (पुली जखडणाऱ्या लोखंडी पाचरीची) खाच झिजून पुली डुगडुगू लागते. त्या पुलीच्या गाभ्यात चार खाचा दिसतात. पुढे टोक लांब केलं, त्यावर आठ खाचा आहेत. चार दिसल्या म्हणून गाडी सोडून देऊ नकोस, पण इंजिन चालू असताना पुली वाकडी फिरताना दिसली तर सरळ परत ये. रेडिएटरचा वरचा प्लास्टिकचा भाग काळा असायला हवा. तो तपकिरी झाला असेल तर लवकरच तडकणार, हे धरून चाल. इंजिनच्या मागच्या टोकाला कॅम सेन्सर आहे, त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल झिरपून गिअरबॉक्सवर उतरतं. लोक घाबरतात, पण ती एक रबरी कडी बदलली की झालं. थंड इंजिनातून टकटक आवाज येतो तो टॅपेटचा. चांगलं तेल वेळेवर बदलत गेलं की बहुतेक वेळा कमी होतो. डिकीत बॅटरी कोणती आहे तेही बघ. मूळ बॅटरी सीलबंद असते आणि तिचा वायू नळीने बाहेर सोडलेला असतो. तिथे साधी बॅटरी नळीविना ठेवलेली असेल तर आजूबाजूचा पत्रा आम्लाने खाल्लेला सापडेल.

गाडीखालून बघताना मधल्या दोन लांब पट्ट्या चेपलेल्या दिसतील, त्या चुकीच्या जागी जॅक लावल्यामुळे. तुझ्याकडे आल्यावर पुढून उचलताना क्रॉसमेंबरखाली (पुढच्या आडव्या तुळईखाली) आणि मागून डिफरन्शियलखालीच जॅक लावायचा, आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या कामाकडे येतो. सस्पेन्शनचे बुश! माझ्या गाडीत ते बदलले तेव्हा कुठे मला कळलं की ही गाडी मुळात काय होती. प्रत्येक विशबोनच्या टोकाला रबरी बुश आहे: आत-बाहेर नळी आणि मध्ये रबर. जुन्या रबराला चिरा पडून ते एका बाजूला सरकतं, आणि मग चाक ब्रेकवर एका कोनात उभं राहतं, वळणात दुसऱ्या. स्टिअरिंगमधून काहीतरी कळतं, पण पुसट कळतं. काम चिकाटीचं आहे. मागच्या खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला जो लांब बोल्ट आहे तो हमखास अडकलेला असतो. काम काढण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून त्याला रोज गंज सोडवणारं तेल पाजत राहा. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन ठरवणारे, एक्सेंट्रिक बोल्ट सैल करण्याआधी त्यांच्या खुणा रंगाने करून ठेव. जुने बुश प्रेसने काढ, हातोड्याने ठोकून आर्म वाकवू नकोस.

आणि हे नीट वाच: नवे बुश बसवल्यावर बोल्ट हवेत लटकलेल्या चाकावर शेवटचे घट्ट करायचे नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळलास आणि गाडी खाली ठेवलीस, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंच लावायचा. पॉलियुरेथेनचे बुश घेऊ का, असं तू विचारशीलच. रस्त्यावरच्या गाडीला मी मूळ रबरच घालेन. पॉली कडक असतात, ग्रीस सुकलं की कुरकुरतात, आणि या सस्पेन्शनला जेवढी लवचिकता मुद्दाम दिलेली आहे ती हिरावून घेतात.

गिअर लिव्हरकडेही थोडा वेळ दे. या गाडीचा गिअर मनगटाच्या हालचालीने पडायला हवा. तसा पडत नसेल, किंवा मधल्या कन्सोलमधून गरम हवा आणि घरघर येत असेल, तर आतलं रबरी बूट फाटलेलं आहे. कन्सोल काढायचा, दोन्ही बूट काढायचे, तीन बोल्ट सोडवून लिव्हर अलगद वर उचलायचा. लिव्हरच्या तळाच्या छोट्या कपात वेगळं तेल असतं. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी ते बदलत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत ते कधीच बदललेलं नसतं. सिरिंजने ती काळी घट्ट घाण ओढून घे, नवं गिअर ऑइल घाल, तळाचा नायलॉनचा बुश आणि दोन्ही बूट नवे बसव. त्यानंतर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना जो खट्‌कन नेमका स्पर्श जाणवतो, त्यासाठी मी विनाकारण गिअर बदलत हिंडलोय.

ब्रेकबद्दल दोनच गोष्टी. कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लाव, त्या अडकल्या की एकच पॅड झिजतो आणि गाडी ओढते. आणि मागच्या कॅलिपरचा पिस्टन जोर लावून आत ढकलू नकोस. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते, तिने पिस्टन मागे घ्यायचा. पॅड बसल्यावर चाक अडेपर्यंत तीच की आवळायची आणि एक तृतीयांश फेरा सैल सोडायची. हँडब्रेक लागत नाही अशी तक्रार असते त्यातल्या बऱ्याच गाड्यांत हा फेरा कोणी मारलेलाच नसतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

एवढं झालं की मग सुधारणा. आणि तिथेही चाकांपासून सुरुवात कर. मूळ १४ इंची अलॉय साडेपाच किलोंच्या आसपास भरतं आणि त्यावर १८५/६०चा टायर येतो. लोक शोभेसाठी १७ इंची जड चाकं लावतात आणि सस्पेन्शनला प्रत्येक खड्ड्यावर तेवढं जास्त वजन आवरायला लावतात. स्प्रिंगच्या खालचं वजन सगळ्यात महाग पडतं. तू चांगल्या प्रतीचे टायर मूळ मापातच घे आणि हवा २६ पीएसआय ठेव, आकडा कमी वाटला तरी. त्यानंतर चांगले शॉकॲब्सॉर्बर. गाडी फार खाली बसवू नकोस, वर-खाली व्हायला जागा उरली नाही की सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळत राहतं. वजन वाढवणारी एकच गोष्ट मी आनंदाने सांगेन: ट्रॅकवर जाणार असशील तर मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळ्यांची कमान) बसव, तुझं डोकं हेल्मेटसकट त्याच्या खाली राहतं का हे मोजून, आणि जवळच्या नळीला पॅडिंग लावून. ते वजन सार्थकी लागलेलं असतं.

राहिला टर्बो. १.६चं डिफरन्शियल छोटं आहे, जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याला फार काळ झेपत नाही. शिवाय हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांचं. इथे ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पुढूनच बाहेर पडू लागलं, आणि मागचा सिलिंडर जरा जास्तच तापतो. टर्बो घातलास की कूलंटचा मार्ग बदल, रेडिएटर मोठा कर, क्लच बदल, डिफरन्शियल बदल, आणि सगळं वजन नाकावर. नेटकं काम करणारी माणसं आहेत, त्यांच्या कामाचा मला आदर आहे. पण माझ्या मते त्यातून दुसरीच गाडी तयार होते. या ११५ हॉर्सपॉवरमध्ये सात हजार आरपीएमपर्यंत इंजिन ओढता येतं, ॲक्सिलरेटर तळाला टेकवता येतो आणि तरी वळण आल्यावर तू शुद्धीत असतोस. असं किती गाड्यांत करता येतं? खूपच ताकद हवी असेल तर १९९३ मध्ये आलेलं १.८ लिटरचं मॉडेल शोध, त्याचं डिफरन्शियलही दणकट आहे.

बुश झाले की अलाइनमेंट करून घे, आणि ते करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाएवढं वजन ठेवायला सांग. एवढ्या हलक्या गाडीत एक माणूस बसल्यानेही कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कललेला कोन) बदलतो. मी ठेवलेले आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडतोय, बुशची यादीही त्याच कागदाच्या मागे आहे.

गाडी बघायला जाताना टॉर्च आणि पाण्याची बाटली ने. पुलीचा आणि दरवाजाखालच्या पत्र्याचा फोटो सौदा पक्का करण्याआधी मला पाठव. बुशच्या कामाला मी येतो, प्रेस घेऊन.

तुझाच जुना दोस्त