ताई, ते सहा-बी दाखवल्याबद्दल थँक्यू

ताई,

नाव टाकू नकोस म्हणालीस म्हणून टाकत नाही, पण थँक्यू चारचौघांतच म्हणायचं होतं.

तीन आठवडे मी लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमचा गाभा) स्टोरेज कोडमधल्या एका क्रॅशच्या मागे होतो. एका टर्मिनलवर एफआयओ (डिस्कवर वाचन-लेखनाचा भार टाकणारं टूल), दुसऱ्यावर लूपमध्ये डिस्क काढ-घाल, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा कर्नल आडवा. प्रिंट टाकले की बग गायब, काढले की हजर! मी आपला दिसेल तिथे नल चेक (पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, रिकामा तर नाही ना ते बघणं) टाकत बसलेलो. तू कॉलवर लॉग बघितलास आणि विचारलंस, "रजिस्टरमध्ये हे ६बी६बी६बी काय आहे रे?" मला वाटलं प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये कचरा असेल. तर म्हणे स्लॅबचं (कर्नलच्या मेमरी वाटपाचं) डिबग चालू असलं की फ्री केलेल्या, म्हणजे परत दिलेल्या, मेमरीत कर्नल मुद्दाम हेच भरून ठेवतो, म्हणजे मी ज्या स्ट्रक्चरमधून पॉइंटर वाचतोय तेच कुणीतरी आधी फ्री केलंय, तिथे नल चेक काय करणार डोंबल.

मग केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं टूल) लावायला सांगितलंस, आणि टाइमआउटच्या हँडलरमध्ये (आयओला, म्हणजे डिस्कच्या वाचन-लेखनाला, उशीर झाला की चालणारा कोड) तात्पुरता अर्ध्या सेकंदाचा डिले, म्हणजे वापर संपायच्या आत फ्री व्हायची संधी वाढेल. जो बग दोन दिवस वाट बघायला लावायचा तो चहा येईपर्यंत चारदा आला. वापरलं कुठे, अलोकेट कुठे, फ्री कुठे, तिन्ही स्टॅक (कोड कुठून कुठे गेला त्याच्या याद्या) समोर. पंगतीत माणूस जेवतोय आणि वाढप्याने पान उचललं, हे तुझंच वाक्य. आणि त्याच पानावर दुसरा कुणी बसला असता तर? स्टोरेज आहे बाबा, क्रॅश परवडला, कुणाचा डेटा गुपचूप खराब झाला असता तर कळलंही नसतं.

माझा पहिला फिक्स आठवतोय ना? म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) धरून कॅन्सल-वर्क-सिंक (रांगेतलं काम रद्द करणं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबणं), आणि त्या वर्कला तोच म्युटेक्स हवा. बसले दोघं एकमेकांची वाट बघत, १२० सेकंदांनी हंग टास्कची (काम अडकल्याची) वॉर्निंग. तू हसलीस पण रागावली नाहीस. आधी आयओची क्यू थांबव, चालू आयओ संपू दे कारण शेवटची आयओच जाता जाता ते वर्क परत रांगेत टाकतेय, मग लॉक सोडून कॅन्सल कर, आणि फ्री फक्त रेफकाउंट (अजून किती जण वापरतायत तो आकडा) शून्य झाल्यावर. पॅच जेमतेम वीस ओळींचा झाला.

फिक्सेस टॅगसाठी (पॅच कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारतो ते सांगणारी ओळ) शोधलं तर मूळ घोळ माझ्याच जुन्या कमिटचा निघाला. तुला हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं बहुतेक, बोलली नाहीस.

पॅचच्या सजेस्टेड-बायमध्ये (कल्पना कुणाची ते सांगणारी ओळ) मात्र तुझं नाव टाकलंय, ते काढायला सांगू नकोस.